जुन्या खेळांची संहिता

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्रॅम ही वाङ्मयकृती आहे. १९५७ च्या या कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने प्रोग्रॅमला हा दर्जा मिळाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती व्याख्या अधिक रेखीव झाली. कायदेपंडितांनी सोयीसाठी काढलेली ही तोड आहे, असे म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरविली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या व्याख्येतून निघणारा एक अर्थ मात्र टाळता येण्यासारखा नाही. वाङ्मयकृती म्हटली की तिची संहिता आली. संहितेबरोबर प्रती आल्या. प्रतींबरोबर पाठभेद आले. आणि पाठभेद आले की प्रमाण पाठ कोणता हा प्रश्न हटकून उभा राहतो. गेल्या चाळीसपन्नास वर्षांतील संगणकीय खेळांच्या बाबतीत हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. ज्या यंत्रांसाठी हे खेळ रचले गेले ती यंत्रे नाहीशी होत आहेत, आणि नव्या यंत्रांवर जुने खेळ जसेच्या तसे चालवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी तंत्रज्ञांत जो वाद चालू आहे तो भाषांतरमीमांसेच्या आणि पाठचिकित्सेच्या वाचकास विलक्षण परिचयाचा वाटेल.

या वादाची एक बाजू समजून घेण्यासाठी बंगळूरच्या आग्नेयेस, होसूरच्या वाटेवरील आनेकल तालुक्यासारखे दुसरे ठिकाण नाही. इलेक्ट्रॉनिक सिटी या तालुक्यात येते. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली आणि दोनच वर्षांनी बंगळुरास गेलेली इन्फोसिस येथेच नांदते. कित्येक मराठी घरांतील मुलेमुली या परिसरात नोकरीस आहेत. येथील व्यवसायाला बरकत आली तिचे एक मोठे कारण जुने प्रोग्रॅम नव्या काळात चालते ठेवणे हे होते. १९९० नंतरच्या दशकात, विशेषतः सन २००० चा वर्षअंक जुन्या प्रोग्रॅमांना पेलणार नाही या धास्तीमुळे, परदेशी बँकांचे व विमा कंपन्यांचे कोबोल भाषेत लिहिलेले जुनाट प्रोग्रॅम तपासणे, दुरुस्त करणे, नव्या यंत्रांवर उतरविणे हे काम बंगळूरकडे मोठ्या प्रमाणावर आले. परक्याने लिहिलेला, टिपणे हरवलेला, लिहिणारा निवृत्त झालेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून त्याचा हेतू ताडणे ही एक प्रकारची टीकाकारांचीच विद्या आहे. ती येथे हजारो हातांत आहे.

परंतु त्या कामातील निष्ठेची कसोटी निराळी. बँकेचा जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर गेला आणि त्याने व्याजाचा तोच आकडा दिला की काम झाले. तो आकडा पूर्वी चार मिनिटांनी येत होता आणि आता क्षणार्धात येतो, याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. उलट त्याचीच वाहवा होते. खेळाचे तसे नाही. खेळात उत्तर नसतेच. तेथे जे काही आहे ते वेळात आहे, हाताला पडणाऱ्या ताणात आहे. जुन्या संगणकांवरील पुष्कळ खेळांची गती यंत्राच्या गतीलाच बांधलेली असे; असा खेळ आजच्या यंत्रावर उघडला तर तो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी संपून जातो. प्रोग्रॅमचे एकही अक्षर बदललेले नाही, तरीही खेळ नष्ट झालेला आहे. सरकारी सूचनेचे भाषांतर आणि कवितेचे भाषांतर यांत जो भेद तोच येथे आहे: सूचनेचा आशय पोचला की पुरे, कवितेत मात्र लय सुटली की आशय पोचूनही काही पोचत नाही.

मग खेळाची संहिता राहते तरी कोठे? १९७८ साली जपानमधील तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो याने रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. वरून उतरणाऱ्या शत्रूंची रांग जसजशी विरळ होते तसतशी उरलेल्यांची चाल वाढत जाते, आणि शेवटचा एकटा शत्रू अंगावर धावून आल्यासारखा येतो. खेळाचा सारा थरार या वाढत्या लयीत आहे. ती लय रचनाकाराने आधी योजलेली नव्हती. पडद्यावर काढावयाच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरचे ओझे हलके होई आणि तो आपोआप वेगाने चाले. हे ध्यानात आल्यावर निशिकादोने ते तसेच राहू दिले. म्हणजे कृतीचा आत्मा म्हणावा असा गुण लिहिलेल्या अक्षरांत कमी आणि यंत्राच्या दुबळेपणात अधिक. तीच गोष्ट रंगांची. मूळ यंत्राचा पडदा काळापांढरा होता. पडद्यावर हिरवा वा तांबडा दिसणारा पट्टा हा काचेवर बसविलेल्या रंगीत पारदर्शक कागदाचा होता. प्रोग्रॅमची बिनचूक नक्कल करणाऱ्याच्या हाती हे रंग येतच नाहीत. पुढे १९९१ च्या 'सॉनिक'मध्ये धबधबा उभ्या बारीक रेषांनी काढलेला आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचावर त्या रेषा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसे. आजच्या स्वच्छ पडद्यावर त्या तुरुंगाच्या गजांसारख्या उभ्या राहतात. येथे स्वच्छता हाच अपपाठ ठरतो.

दोषांचा प्रश्न याहून अवघड आहे. 'पॅक-मॅन' (१९८०) या खेळात टप्प्यांची मोजणी एका बाइटमध्ये होते, आणि एका बाइटमध्ये २५५ पलीकडचा आकडा मावत नाही. त्यामुळे २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो आणि पुढे जाणे अशक्य होते. ही उघड चूक आहे. रचनाकारांना तेथवर कोणी पोचेल असे वाटले नव्हते. तसाच दुसरा एक सूक्ष्म प्रमाद: पॅक-मॅन वर तोंड करून चालत असता त्याचा पाठलाग करणाऱ्या एका भुताचा नेम हिशोबाच्या चुकीने डावीकडे ढळतो. या दोन्ही चुका दुरुस्त करणे आज अगदी सोपे आहे. परंतु निष्णात खेळाडूंनी आपले डावपेच त्या ढळलेल्या नेमावरच उभारले, आणि २५६ वा टप्पा तर खेळाच्या दंतकथेचा भाग झाला. संपादकाने काय करावे? विष्णू सीताराम सुखटणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अवघड, खडबडीत पाठ हाच बहुधा जुना मानावा, गुळगुळीत पाठाचा संशय धरावा, हे तत्त्व सांभाळले. लेखनिकाची चूक आणि ग्रंथकाराची चूक यांत त्या शास्त्राने भेद केला आहे: पहिली काढावयाची, दुसरी ठेवावयाची. पॅक-मॅनच्या चुका ग्रंथकाराच्या आहेत. त्या राहिल्या पाहिजेत.

या काटेकोरपणाचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे १९९७ साली इटलीतील निकोला साल्मोरिया याने आरंभिलेला 'मेम' हा प्रकल्प. जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग नव्या यंत्राकडून वठविणारा जो प्रोग्रॅम, त्याला तंत्रज्ञ एम्युलेटर म्हणतात. तो मूळ खेळाला हात लावीत नाही. मूळ यंत्रच शब्दांत पुन्हा उभे करतो आणि खेळाला आपण जुन्याच घरात आहोत असा भास करून देतो. मेमची भूमिका अशी की जुन्या यंत्रांची रचना नोंदवून ठेवणे हा प्रकल्पाचा हेतू होय. खेळ खेळता येणे हा त्याचा केवळ अनुषंगिक लाभ. ही भूमिका कोरडी वाटली तरी तीत एक संपादकीय सचोटी आहे. तिची किंमतही भारी पडते. सुपर निन्टेन्डो या यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला साडेतीन दशलक्षांच्या आसपास ठोके देणारा. पण त्याचे प्रत्येक ठोक्यागणिक अचूक सोंग वठवावयाचे तर सेकंदाला तीन अब्ज ठोक्यांचे यंत्र हाताशी लागते, असे 'बीस्नेस' या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ च्या सुमारास दाखवून दिले होते. ढोबळ नक्कल फार थोड्यात होते. बहुतेक खेळ तीवर चालतातही. आणि जेथे एखादा खेळ अडतो तेथे त्या खेळापुरती ठिगळे लावली जातात. ठिगळाने खेळ चालतो, पण यंत्र समजत नाही. ज्या भाषांतरकाराने कठीण ओळ आली की अंदाजाने भरून काढली आहे, त्याच्या हस्तलिखितावर पुन्हा काम करणाऱ्याला या फरकाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

एम्युलेटरच्या दुसऱ्या टोकाला रूपांतर येते. १९८२ साली पॅक-मॅन अटारीच्या घरगुती यंत्रावर आणला गेला तेव्हा त्या यंत्राच्या तुटपुंज्या शक्तीमुळे चारही भुते एका वेळी धड दिसू शकत नव्हती, ती लुकलुकत राहिली. ग्राहकांची घोर निराशा झाली. त्या रूपांतराची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती भरपूर झाली. खरा दोष निराळा होता: वेष्टनावर मूळ खेळाचेच नाव होते. रूपांतराने रूपांतर म्हणून नाव घेतले की त्याला त्याच्या गुणांवर तोलता येते. मराठी रंगभूमीवर शेक्सपिअरची जी रूपांतरे झाली त्यांना कोणी भाषांतर म्हणून दोष देत नाही.

या दोन टोकांमधील सर्व अडचणी एकाच कृतीत पाहावयाच्या असतील तर जॉर्डन मेकनर याचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्यावा. भारतातील संगणकवर्गांत ज्यांनी १९९० नंतरच्या दशकात पाऊल ठेवले त्यांच्या हाताला हा खेळ परिचित आहे. १९८९ साली तो अ‍ॅपल दोन या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. नायकाच्या धावण्याउड्यांसाठी मेकनरने आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरविले. पुढे यंत्रातील स्मृती संपली. नायकाला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा होता, पण नव्या आकृतीला जागा उरली नव्हती. तेव्हा नायकाचीच चित्रे एका बिटाने सरकवून, स्वतःवरच उलटवून, एक झगमगती छाया निर्माण करण्यात आली. ती छाया आरशातून बाहेर पडते, नायकाच्या वाटेत अडथळे आणते, आणि अखेरीस तिच्याशी लढून जिंकता येत नाही. तलवार म्यान करून तिला आपल्यात सामावून घ्यावे लागते. जागेच्या टंचाईतून अशी कल्पना जन्मली, हे मेकनरच्या रोजनिशीवरून समजते. वृत्ताच्या अडचणीतून अनपेक्षित प्रतिमा सुचल्याचे अनुभव कवींनी सांगितले आहेतच. २००७ साली या खेळाची नवी, भरजरी चित्रांची आवृत्ती निघाली. तीत छाया आहे. परंतु ती कशाची छाया आहे हे आता कळत नाही, कारण तिला जन्म देणारी टंचाई तेथे नाही. ती आवृत्ती वाईट नव्हे. ती दुसरी कृती आहे.

मूळ प्रोग्रॅमचा मजकूर मेकनरच्या हातून हरवला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांनी पाठविलेल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी निघाल्या, जाणत्यांनी त्या वाचून काढल्या आणि तो मजकूर सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. ग्रंथकाराचे स्वहस्तलिखित सापडावे तशी ही घटना. तेवीस वर्षांनंतरही त्या चुंबकीय चकत्या वाचता आल्या हे भाग्यच होते. भारतीय अभ्यासकाचे काम मात्र तेवढ्याने भागत नाही. येथे पोचला तो अ‍ॅपलवरील खेळ नव्हे, डॉसवरील १९९० चा खेळ. त्यात चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी एक दालन होते: खेळाबरोबरच्या पुस्तिकेतील सांगितलेल्या शब्दाचे आद्याक्षर पाहून त्या अक्षराची कुपी प्यावयाची. आपल्याकडच्या वर्गांत फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत गेलेल्या प्रतींबरोबर पुस्तिका कोठून येणार? तेव्हा ज्या प्रती चालल्या त्यांत कोणा अनामिकाने तो पहारा मोडून काढलेला होता. म्हणजे एका संपूर्ण पिढीने वाचली ती शाखाप्रत. तीत प्रक्षेप नव्हता, लोप होता. शुद्ध मूळ जतन करू पाहणारा या प्रतीला कचऱ्यात टाकील. तसे करणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. महाभारताच्या आवृत्तीने दाक्षिणात्य शाखेतील पाठ मुख्य संहितेत घेतले नाहीत, पण तळटीपांत आणि परिशिष्टांत ते सांभाळले. कारण दक्षिणेने शतकानुशतके तेच महाभारत ऐकले होते.

शुद्धीच्या उत्साहाचा धोका मराठी वाचकाला सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असा स्पष्ट इशारा दिला. पाठचिकित्सेचे एवढे जागरूक उदाहरण त्या काळात विरळाच. तरीही वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जी प्रत प्रसिद्ध केली, तिच्या जुन्या भाषारूपांशी ताडून पाहता एकनाथी प्रतीची भाषा नितळ वाटते. श्रद्धेने केलेले जतनसुद्धा आपल्या काळाची भाषा बोलू लागते. आज जुन्या खेळांच्या पुनःप्रकाशनांत चित्रे धारदार केलेली असतात, चुकल्यास काही क्षण मागे जाण्याची सोय दिलेली असते, प्राण अमर्याद केलेले असतात. सोय वाचकाला हवी असते, हे खरेच. पण प्रिन्सला साठ मिनिटांची मुदत होती, आणि मागे जाण्याची सोय असलेल्या खेळात त्या साठ मिनिटांना काही अर्थ उरत नाही. अशी सोय द्यावी. तिची नोंद मात्र मुखपृष्ठावर असावी. कोणती प्रत आधाराला घेतली, काय बदलले, काय गाळले, कोणत्या पडद्यावर पाहावयाचे योजले, हे सांगणारी संपादकीय प्रस्तावना विक्रीस असलेल्या फारच थोड्या आवृत्त्यांत आढळते. साहित्याच्या क्षेत्रात असे पुस्तक विद्यापीठाने अभ्यासक्रमास लावले नसते.

खेळ म्हणजे पोरखेळ, त्याला एवढे पाठशास्त्र कशाला, अशी शंका या पत्रिकेच्या वाचकांतही असेल. सावंतवाडीच्या गंजिफांकडे पाहिले तर तिचे उत्तर मिळेल. १९७० नंतरच्या दशकात तेथील राजघराण्याने ही लोपत चाललेली कला पुन्हा उभी केली, आणि त्यामुळेच दशावतारी पाने आज हाताने रंगविली जातात. परंतु ती घेतली जातात मुख्यतः शोभेसाठी. डाव मांडून बसणारे विरळ. वस्तू वाचली, खेळणे वाचले नाही. फुलांमधून आणि रंगांमधून त्या पानांचे सौंदर्य दिसते. पण हुकुमाच्या पानाला खेळाडूच्या मनात जे वजन होते ते संग्रहालयाच्या काचेतून दिसत नाही. संगणकीय खेळाची चित्रे, पुस्तिका, वेष्टने जपणारे पुष्कळ आहेत. चालता खेळ जपणे हे वेगळे काम आहे आणि ते प्रामुख्याने हौशी माणसांनी, बहुतेक वेळा कायद्याच्या कडेवर उभे राहून, केलेले आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत असे आढळले. पुढच्याच वर्षी ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने नाकारली.

आपल्याकडील स्थिती अधिक विचित्र आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि इतर तीन ग्रंथालयांस द्यावी लागते. दोन वर्षांनी वृत्तपत्रेही त्यात आली. कॉपीराइट कायद्याने वाङ्मय ठरलेला प्रोग्रॅम या कायद्याच्या लेखी पुस्तक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृतीची अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण अट अशी की त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी. जी कृती जन्मतःच अंकीय आहे तिच्याजवळ अशी प्रत असणार कोठून! चित्रपटाच्या बाबतीत आपण १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय उभारले, आणि तेही उशिरा: फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच हाती लागले, आणि तीही १९१३ ची की पुढे पुन्हा केलेल्या चित्रीकरणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

रचनेचे स्थळ आणि जतनाचे स्थळ एकच असेल असे नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' बंगळुराने सांभाळला नाही. तो राजवाड्यांच्या हाती लागला आणि १९२२ साली छापला गेला, म्हणून त्या दरबारी किती भाषांचे कवी होते हे आज ठाऊक आहे. आनेकलच्या परिसरात, आणि मुंबईपुण्यातही, या शतकाच्या पहिल्या दशकात जे प्रोग्रॅम लिहिले गेले त्यांत खेळही होते. मुंबईत १९९९ साली निघालेल्या इंडियागेम्ससारख्या संस्थांनी जावा भाषेत, बटनांच्या फोनसाठी, क्रिकेटचे आणि चित्रपटांवर बेतलेले खेळ केले. त्या काळी प्रत्येक फोनचा पडदा निराळा, बटने निराळी, स्मृती निराळी. त्यामुळे एकाच खेळाच्या अनेक प्रती कराव्या लागत. एका प्रतीत पार्श्वभूमी गाळलेली, दुसरीत संगीत, तिसरीत मैदानच आखूड. ब्राउझरमधील फ्लॅशचे खेळ तर २०२० च्या अखेरीस त्या तंत्राचाच आधार काढून घेतल्यावर एका दिवसात मुके झाले. त्यांतील कित्येक परदेशी हौशी मंडळींनी उचलून ठेवले. फोनवरील खेळांपैकी जे उरले ते लोकांच्या जुन्या फोनांत, मेमरी कार्डांत आणि दुरुस्तीच्या दुकानांतील खणांत आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताचे काम हाती घेतले तेव्हा पहिली कित्येक वर्षे काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या मिळविण्यात आणि ताडण्यात गेली. आदिपर्व पुरे झाले ते १९३३ साली. येथे पोथ्या मिळविण्याचेच काम अजून कोणी सुरू केलेले नाही, आणि या पोथ्यांचे आयुष्य भूर्जपत्राइतके नाही.